सप्रेसर आधी, नळी नंतर

अमेरिकेत रायफल घेणारे बहुतेक जण उलट्या क्रमाने खर्च करतात. आधी रायफल येते, मग दिसायला झकास म्हणून तोंडावर एखादा मझल ब्रेक (धक्का कमी करणारा तुकडा) चढतो, आणि वर्षभराने सप्रेसर, म्हणजे तोंडावर चढणारा आवाज कमी करणारा डबा, घ्यायची वेळ आली की कळतं, ब्रेक या सप्रेसरच्या माउंटचा (तो ज्यावर बसतो त्या जोडाचा) नाही, नळीचे आटे वेगळे आहेत आणि हँडगार्ड (नळीभोवतीचं हात धरायचं कवच) दोन बोटं पुढे आलंय. मग एकाच कामासाठी दोनदा पैसे. सप्रेसर लावायचाच असेल तर शेवटच्या टोकापासून मागे यावं: रायफल कशासाठी, त्यासाठी सप्रेसर कोणता, तो कोणत्या माउंटवर बसतो, आणि मग नळी किती लांब.

आधी कायद्याचं बोलून घेऊ. भारतात १९५९ च्या शस्त्र अधिनियमात बंदुकीचा आवाज किंवा ज्वाला कमी करणारा जोडभागसुद्धा अग्निशस्त्राच्या व्याख्येतच धरला आहे. त्यामुळे इथल्या परवानाधारकाने पुढचं वाचून काही मागवायला जाऊ नये. हा लेख अमेरिकेतल्या व्यवहाराबद्दल आहे. तिथेही सरसकट मोकळीक नाही. कॅलिफोर्निया, न्यूयॉर्क, न्यू जर्सी, मॅसॅच्युसेट्स, इलिनॉय, ऱ्होड आयलंड, डेलावेअर आणि हवाई या आठ राज्यांत सामान्य नागरिकाला सप्रेसर बाळगता येत नाही, आणि नेमक्या यातल्याच काही राज्यांत मराठी मंडळी दाटीने राहतात. एच-वन-बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला तर संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस जवळ ठेवायलाच बंदी आहे. वैध शिकारीचा परवाना हा त्यातला नेहमीचा अपवाद. ग्रीन कार्ड असेल तर ही बंदी लागू होत नाही. मित्राच्या रायफलला हात लावण्याआधी हे वकिलाकडून समजून घ्यावं, कारण इथली चूक थेट इमिग्रेशनच्या फायलीत जाते.

बाकीच्या राज्यांत सप्रेसर घेता येतो, पण १९३४ चा नॅशनल फायरआर्म्स ॲक्ट हा संघीय कायदा पाळावा लागतो. सप्रेसरवरचा २०० डॉलरचा कर १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला. नोंदणी मात्र आहे तशीच आहे: अर्ज, बोटांचे ठसे, फोटो, आणि मंजुरी हातात आल्याशिवाय ताबा नाही. ‘कर गेला म्हणजे कागद गेले’ असं समजणारे बरेच भेटतात.

सप्रेसर नेमकं काय करतो

हायरम पर्सी मॅक्सिमने १९०९ मध्ये याचं पेटंट घेतलं. मॅक्सिम मशीनगन बनवणाऱ्याचा हा मुलगा. तत्त्व मोटारीच्या सायलेन्सरचंच. गोळीमागून सुटणारा गरम, दाबाखालचा वायू एकदम हवेत फुटू द्यायचा नाही. आडव्या पडद्यांमध्ये, म्हणजे बॅफलमध्ये, अडवत, घुमवत, थंड करत सावकाश सोडायचा. प्रत्येक बॅफलच्या मधोमध भोक असतं आणि गोळी त्यातून कशालाही न शिवता जायला हवी. हे ‘कशालाही न शिवता’ लक्षात ठेवा. अर्ध्याहून अधिक लेख त्याच्याभोवतीच आहे.

आवाज तीन ठिकाणांहून येतो. तोंडाशी फुटणारा वायू, ध्वनीपेक्षा वेगाने जाणाऱ्या गोळीचा चाबूक ओढल्यासारखा कडाका, आणि बोल्टची, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या अडसराची, खडखड. सप्रेसर फक्त पहिल्यावर काम करतो. हवेत ध्वनीचा वेग सेकंदाला ३४० मीटरच्या आसपास, आणि ५.५६ मिलिमीटर काडतुसाची गोळी ९०० मीटरच्या आगेमागे, त्यामुळे तिचा कडाका कोणताही सप्रेसर गिळू शकत नाही. सप्रेसरशिवाय ५.५६ चा आवाज तोंडाशी १६५ डेसिबलच्या घरात असतो. चांगला सप्रेसर त्यातले २५-३० कमी करतो. उरतो तो १४० च्या आसपासचा, म्हणजे कानाला इजा होण्याच्या उंबरठ्यावरचा आवाज. सिनेमातली ‘फुस्स’ विसरा आणि कानात बोळे घालाच.

लांबी: कुठे वाचवायची, कुठे नाही

नळी जितकी लांब तितका काडतुसातल्या दारूला जळायला आणि वायूला पसरायला वेळ. गोळीचा वेग वाढतो आणि तोंडाशी उरलेला दाब कमी होतो. सप्रेसरवाल्यासाठी दुसरी गोष्ट पहिलीइतकीच महत्त्वाची. ५.५६ ची नळी २० इंचांवरून १०.५ वर आणली तर तोंडाशी दाब दुपटीच्या आसपास जातो. तो पहिल्या बॅफलवर आदळतो, अर्धवट जळालेल्या दारूचे कण वाळूच्या माऱ्यासारखे त्याला झिजवतात आणि आवाजही वाढतो. म्हणूनच सप्रेसरच्या माहितीपत्रकात प्रत्येक काडतुसासमोर ‘किमान नळी इतकी’ असा आकडा दिलेला असतो. आधी तो पाहावा. त्यापेक्षा आखूड नळीवर लावलात तर वॉरंटी गेलीच, शिवाय सप्रेसर फाटण्याचा धोका.

वेगाचं नुकसान काडतुसागणिक बदलतं. .३०८ मध्ये इंचामागे साधारण २० ते २५ फूट प्रति सेकंद जातात. २४ इंचांवरून १८ वर आलात तर दीडशेच्या आत. तीनशे यार्डांच्या आत हरणावर बार टाकणाऱ्याला हा फरक जाणवणारसुद्धा नाही. ५.५६ चं तसं नाही. ती हलकी गोळी वेगावरच जगते आणि आखूड नळीत प्रत्येक इंच महाग पडतो. शिकारीची गोळी ठराविक वेगाच्या खाली नीट उमलत नाही. तो किमान वेग गोळी बनवणारी कंपनी देते. आपल्या नळीतून सुटणारी गोळी आपल्या कमाल अंतरावर त्या आकड्याच्या वर राहते का, हा हिशेब लांबी ठरवण्याआधी एकदा कागदावर करावा.

वेगाच्या विरुद्ध पारड्यात असते हाताळणी. सप्रेसर तोंडापुढे साधारण सहा-सात इंच वाढवतो आणि पाव ते अर्धा किलो वजन अगदी टोकाला टांगतो. २४ इंची नळीवर तो लावला की झुडपात बांबू घेऊन फिरल्यासारखं होतं. म्हणून बोल्ट-ॲक्शन (दर बाराला हाताने बोल्ट ओढायच्या) शिकारी रायफलीला आमची पसंती अशी: .३०८ ला १८ ते २० इंच, ६.५ क्रीडमूरला २० ते २२, आणि मॅग्नम काडतुसांना २२ च्या खाली जाऊच नये. मॅग्नममध्ये दारू खूप असते. आखूड नळीत ती सप्रेसरच्या पोटात जळते आणि हाती फक्त महागडा धूर लागतो.

दोन काडतुसं मात्र वेगळ्या जातीची. .३०० ब्लॅकआउट मुळातच आखूड नळी आणि सप्रेसर डोळ्यांपुढे ठेवून बनवलेलं. त्याची वेगाने जळणारी दारू नऊ इंचांच्या आसपास आपलं बहुतेक काम उरकते, त्यामुळे १६ इंची नळीत फारसं काही पदरात पडत नाही. फक्त फिरकीकडे लक्ष द्या: २०० ते २२० ग्रेनची जड, ध्वनीपेक्षा हळू गोळी स्थिर राहायला आठ इंचांत एक फेरा किंवा त्याहून घट्ट पीळ लागतो. पीळ कमी पडला तर गोळी डगमगते, आणि डगमगणारी गोळी बॅफलला शिवते. दुसरं .२२ लाँग रायफल. त्याला १६ इंच पुष्कळ. त्यापुढे नळी वाढवून वेग वाढत नाही. ध्वनीपेक्षा हळू काडतूस आणि बोल्ट-ॲक्शन रायफल असेल तर कडाकाही नाही, खडखडही नाही. सिनेमाच्या सगळ्यात जवळ जाणारं हेच.

१६ इंचांची रेघ

संघीय कायद्याप्रमाणे रायफलची नळी १६ इंचांपेक्षा आखूड किंवा एकूण लांबी २६ इंचांपेक्षा कमी असेल तर ती ‘शॉर्ट बॅरल्ड रायफल’ ठरते आणि सप्रेसरसारखीच तिचीही आधी नोंदणी करावी लागते. मोजायची रीत ठरलेली आहे. रायफल रिकामी, बोल्ट बंद, तोंडातून एक सरळ दांडी बोल्टच्या तोंडाला टेकेपर्यंत आत सोडायची, नळी संपते तिथे खूण करायची, दांडी काढून मोजायची. आटे मोजणीत धरतात. पान्याने निघणारा ब्रेक धरत नाहीत. सप्रेसरही धरत नाहीत.

कायमचा जोडलेला तुकडा (ब्रेक किंवा फ्लॅश हायडर) मात्र धरतात. म्हणून १४.५ इंचांची नळी घेऊन तिच्या तोंडावर तुकडा पिन मारून वेल्ड करण्याची पद्धत पडली. इथे गणितात हमखास चूक होते. लोक १४.५ मध्ये तुकड्याची पूर्ण लांबी मिळवतात. पण तुकड्यातला सुमारे ०.६ इंच भाग आट्यांवर चढलेला असतो, तो वाढीत येत नाही. नेहमीचा ए-टू फ्लॅश हायडर, म्हणजे तोंडाची ज्वाला लपवणारा तुकडा, पावणेदोन इंचांचा. तो नळी वाढवतो जेमतेम सव्वा इंचाच्या आत. दीड इंच हवा असेल तर तुकडा किमान २.१ इंचांचा लागतो, आणि वर थोडी सूट ठेवलेली बरी. नेमकं १६.०० वर थांबणं म्हणजे अंगावर खटला ओढवून घेणं. काम गनस्मिथकडून करून घ्यावं आणि झाल्यावर दांडी घालून स्वतः मोजावं.

पिन मारलेला तुकडा हे लग्न आहे. तो काढल्याशिवाय गॅस ब्लॉक (नळीच्या गॅस छिद्रावरचा ठोकळा) निघत नाही, बऱ्याच रचनांत हँडगार्डही अडकतं, आणि माउंट बदलायचा म्हटलं तर तुकडा कापून काढावा लागतो. त्यामुळे सप्रेसर ठरला नसेल तर पिन मारू नका. सरळ १६ इंची घ्या.

नोंदणी करून आखूड नळी घ्यायची असेल तर ५.५६ मध्ये ११.५ किंवा १२.५ इंच बरी. १०.३ इंचाच्या नळीचं कौतुक फार होतं, पण झीज, आवाज आणि गॅसचा त्रास सगळ्यात जास्त तिथेच. शिवाय नोंदणी केलेली आखूड रायफल दुसऱ्या राज्यात न्यायची तर आधी लेखी परवानगी लागते. नुसत्या सप्रेसरला संघीय पातळीवर ती अट नाही, अर्थात तो जिथे नेताय त्या राज्यात तो चालायला हवा.

गॅसचं दुखणं

बोल्ट-ॲक्शनवाल्यांनी हा भाग सोडून पुढे गेलं तरी चालेल. एआर-१५ या आपोआप पुढचं काडतूस भरणाऱ्या रायफलीत नळीला वरच्या बाजूने एक बारीक छिद्र असतं. गोळी त्याच्यापुढे गेली की थोडा वायू त्यातून नळकांडीत शिरतो, मागे येतो आणि बोल्ट कॅरियरला ढकलतो. गोळी तोंडाबाहेर पडली की दाब कोसळतो आणि ढकलणं थांबतं. म्हणजे छिद्रापासून तोंडापर्यंतचं अंतर हे एक प्रकारचं घड्याळ आहे. मिड-लेंग्थ गॅसच्या (छिद्र तोंडाकडे पुढे) १६ इंची नळीत हे अंतर सहा इंचांच्या आसपास, कार्बाइन गॅसच्या (छिद्र मागे) १६ इंचीत आठच्या आसपास.

सप्रेसर हे घड्याळ लांबवतो. गोळी बाहेर पडली तरी वायू सप्रेसरमध्ये कोंडलेला असतो, दाब लगेच उतरत नाही आणि ढकलणं चालूच राहतं. बोल्ट ठरल्यापेक्षा लवकर आणि जोरात मागे येतो. रिकामं काडतूस अजून चेंबरच्या भिंतीला फुगून चिकटलेलं असतानाच एक्स्ट्रॅक्टर (काडतूस ओढणारी आकडी) त्याची कड ओढतो. कड फाटते, काडतूस आतच राहतं. किंवा बोल्ट इतक्या झटक्यात परत येतो की मॅगझिनला पुढचं काडतूस वर आणायला वेळच मिळत नाही. आणि हे सगळं सुरळीत चाललं तरी चार्जिंग हँडलच्या (बोल्ट ओढायच्या मागच्या मुठीच्या) फटीतून डोळ्यांत झोंबणारा वायू येतो. डावखुऱ्यांना तर जास्तच, कारण काडतूस फेकण्याची खिडकी त्यांच्या चेहऱ्याच्या बाजूला येते.

रोग ओळखायला रिकामी काडतुसं कुठे पडतात ते पाहावं. नेम धरलेल्याच्या समोर बारा धरले तर तीन ते चारच्या दिशेला पडली की ठीक. एक-दोनच्या दिशेला, पुढे उडत असतील तर गॅस जास्त आहे.

उपाय स्वस्तापासून सुरू करावा. पहिला बफर, म्हणजे बोल्टमागचं वजन: साधा कार्बाइन बफर ३ औंसाचा, एच ३.८ चा, एच-टू ४.६ चा, एच-थ्री ५.४ चा. एक-एक पायरी वर जायचं. प्रत्येक बदलानंतर सप्रेसर लावून आणि काढून, दोन्ही प्रकारे, मॅगझिनमध्ये एकच काडतूस भरून पाहायचं. शेवटच्या काडतुसानंतर बोल्ट मागे अडकून राहिला पाहिजे. सप्रेसर काढल्यावर अडकत नसेल तर बफर फार जड झालाय. पण बफर हा लंगड्याला काठी दिल्यासारखा आहे. तो बोल्ट हळू करतो, आत येणारा वायू कमी करत नाही. मुळावरचा इलाज म्हणजे कमी-जास्त करता येणारा गॅस ब्लॉक, किंवा नवी नळी घेतानाच सप्रेसरसाठी लहान छिद्र ठेवलेली निवडणं. हल्ली वायू पुढच्या बाजूने जास्त मोकळा सोडणारे सप्रेसर मिळतात. त्यांनी मागे येणारा वायू बराच कमी होतो, आवाज मात्र काही रचनांत थोडा जास्त राहतो. नवी रायफल जुळवत असाल तर मिड-लेंग्थ गॅस घ्या. निम्मी डोकेदुखी तिथेच मिटते.

आटे आणि खांदा

आता मूळ मुद्दा. सप्रेसर किंवा त्याचा माउंट आट्यांवर चढतो खरा, पण सरळ बसतो तो खांद्यामुळे. नळीचे आटे जिथे संपतात तिथे नळी पुन्हा जाड होते. ती जी सपाट पायरी दिसते तो खांदा. आटे फक्त आवळतात, दिशा खांदा ठरवतो.

थोडा हिशेब करू. ५.५६ ची गोळी ५.७ मिलिमीटर व्यासाची. बॅफलचं भोक तिच्यापेक्षा साधारण एक-दीड मिलिमीटरच मोठं, म्हणजे बाजूला मोकळीक अर्धा ते पाऊण मिलिमीटर. सात इंची सप्रेसर पाव अंशाने कललेला असेल तर पुढच्या टोकाला मध्य ०.७८ मिलिमीटर सरकतो. मोकळीक संपली, गोळी घासली. आणि १९ मिलिमीटर व्यासाच्या खांद्यावर पाव अंश कलायला किती लागतं? एका बाजूला ०.०८ मिलिमीटर. छापखान्यातल्या साध्या कागदाची जाडी ०.१ असते. म्हणजे खांद्याच्या एका बाजूला कागदाच्या एका थरापेक्षाही कमी कचरा, काजळीचा पापुद्रा किंवा खवला राहिला, की हजार डॉलरचा सप्रेसर कामातून जाऊ शकतो.

क्रश वॉशर इथे का चालत नाही, ते यावरूनच कळेल. फ्लॅश हायडरसोबत डबीत येणारं हे वॉशर कोनासारखं असतं आणि आवळताना चेपतं. चेपतं, पण सगळीकडून सारखं नाही. साध्या फ्लॅश हायडरला फरक पडत नाही. त्याच फ्लॅश हायडरवर सप्रेसर बसणार असेल तर तुम्ही खांद्याऐवजी चेपलेल्या पत्र्यावर विश्वास ठेवताय. दोन डॉलरच्या वॉशरने मोडलेले सप्रेसर हा दुरुस्तीवाल्यांचा रोजचा धंदा आहे. त्याजागी घासून सपाट केलेले शिम (पातळ चकत्या) वापरावेत, तेही शक्यतो एकच. शिम लागतात ते ब्रेकची भोकं नेमकी डाव्या-उजव्या बाजूला यावीत म्हणून. तीन पाकळ्यांच्या फ्लॅश हायडरला वर-खाली असं काही नसतं. तो शिमशिवाय थेट खांद्यावर बसवावा, आणि हा त्याचा मोठा फायदा.

खांद्याची रुंदीही पाहा. अमेरिकेत ५.५६ आणि .२२ ला १/२×२८ आटे, म्हणजे अर्धा इंच व्यास आणि इंचाला २८ फेरे. .३० कॅलिबर आणि ६.५ ला बहुतेक ५/८×२४. नळी ०.७५ इंच जाड असेल तर अर्धा इंची आट्यांमागे चहूबाजूंनी ३.२ मिलिमीटर खांदा उरतो. ५/८ मागे जेमतेम १.६. शिकारी रायफलीची बारीक नळी तोंडाशी कितीदा ०.६ इंचांचीच असते. तिच्यावर ५/८ बसतच नाही, कारण आटेच नळीपेक्षा जाड. अशा .३० नळीवर अर्धा इंची आटे पाडले तर आट्यांच्या तळाशी भिंत दोन मिलिमीटरच्याही आत येते आणि तोंड फाकण्याची भीती. सप्रेसर लावायचा असेल तर नवी रायफल घेताना थोडी जाड नळी आणि कारखान्यातूनच आटे पाडलेलं तोंड घ्यावं.

जुन्या नळीवर बाहेरून आटे पाडून घेत असाल तर लेथवाल्याला एकच प्रश्न विचारा: डायल कशावर लावणार, नळीच्या बाहेरच्या अंगावर की आतल्या भोकावर? लांब ड्रिलने पाडलेलं भोक नळीच्या मधोमध तंतोतंत जात नाही, थोडं भरकटतं. बाहेरच्या अंगावर मध्य धरून पाडलेले आटे दिसायला सुरेख आणि गोळीच्या दृष्टीने वाकडे. ‘बाहेरून’ असं उत्तर आलं तर रायफल उचलून घरी या.

आट्यांचे सापळे आणखी आहेत. ९ मिलिमीटरच्या नळ्यांनाही १/२×२८ आटे असतात. म्हणजे ५.५६ चा सप्रेसर ९ मिलिमीटरवर अगदी मजेत चढतो आणि पहिल्याच बाराला फुटतो. घरात दोन्ही असतील तर सप्रेसरवर रंगाची पट्टी मारा. एके-४७ जातीच्या रायफलींना बहुधा एम-१४×१ डावे आटे. युरोपातून आलेल्या शिकारी रायफलींना एम-१४×१, एम-१५×१ किंवा एम-१८×१. ब्रिटिश वळणाच्या .२२ ला १/२×२०, जे १/२×२८ च्या नटात एक-दोन फेरे जाऊन अडकतात. अडकलं की पाना लावू नका. आटे मोजायची पट्टी दोनशे-तीनशे रुपयांत, तिकडे पाच-सात डॉलरांत मिळते.

तोंडावर काय

थेट आट्यांवर चढणारा सप्रेसर सगळ्यात हलका, स्वस्त आणि जुळायला सोपा. एका रायफलीवर कायम ठेवायचा असेल तर हाच. खोड एकच: तापल्यावर सैल होतो. दर पाच-दहा बारांनी हातमोजा घालून तपासावा लागतो.

सप्रेसर दोन-तीन रायफलींवर फिरवायचा असेल तर प्रत्येक नळीवर एकेक माउंट ठेवतात. तो ब्रेक असू शकतो किंवा फ्लॅश हायडर. सप्रेसर वर चढला की ब्रेकचं धक्का कमी करण्याचं काम संपतं. ते सप्रेसरच करतो. पण आखूड नळीत ब्रेक दुसरं एक काम करतो. त्याच्या भिंतींवर गरम कणांचा पहिला मारा बसतो आणि मागचा महागडा बॅफल वाचतो. झिजला तर ब्रेक बदलायचा, सप्रेसर नाही. सप्रेसर नसताना मात्र ब्रेक शेजारच्या बाकावरच्या माणसाला शिव्या द्यायला लावतो. कधीकधी सप्रेसर काढून, पहाटे-संध्याकाळी बार टाकणार असाल तर फ्लॅश हायडर घ्या. १६ इंचांहून लांब नळी आणि सप्रेसर कायम वर, असं असेल तर दोन्हींत निवडण्यासारखं काही नाही. जो आधी कारखान्यातून हाती येईल तो. कॅलिफोर्निया, न्यू जर्सीसारख्या राज्यांत सेमी-ऑटो रायफलीवर फ्लॅश हायडर असणं हाच नियमभंग ठरू शकतो, हे दुसऱ्या राज्यातून तिकडे घर हलवणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं.

माउंटच्या पद्धतींवर लोक क्रिकेट संघांसारखे भांडतात. आम्ही दोनच गोष्टी बघतो. एक, सप्रेसरच्या मागच्या टोकाला १.३७५×२४ आटे आहेत का. बाजारात याला हब म्हणतात, आणि बऱ्याच कंपन्यांचे माउंट त्यात बसतात. म्हणजे उद्या पद्धत बदलावीशी वाटली तर सप्रेसर बदलावा लागत नाही. दोन, माउंटला निमुळता, शंकूसारखा टेकू आहे का. तो सप्रेसरला मध्यावर आणतो आणि मागे गॅस गळू देत नाही, त्यामुळे आट्यांवर काजळी साचून सप्रेसर जाम होण्याचं प्रमाण खूप घटतं.

हँडगार्डचा शेवट माउंटच्या मागे असावा, सप्रेसरची कडी फिरवायला बोटं जातील इतकी जागा ठेवून. आत शिरवायचाच असेल तर हँडगार्डचा आतला व्यास सप्रेसरपेक्षा चांगला मोठा हवा.

बसवणं आणि तपासणं

रायफल रिकामी करा, मॅगझिन काढा, बोल्ट बाहेर काढा, चेंबरमध्ये बोट घालून बघा. नळी पक्की धरायला बॅरल व्हाइस किंवा एआर असेल तर आतून पकडणारी दांडी वापरा. रिसीव्हर व्हाइसमध्ये धरून तोंडाशी पाना फिरवला तर सगळा पीळ नळीच्या बारीक पिनेवर येतो.

आटे, खांदा आणि माउंटचं बूड ब्रेक क्लीनरने धुवा, पांढऱ्या कापडावर डाग उमटेनासा होईपर्यंत पुसा. माउंट हाताने खांद्यापर्यंत फिरवा. मध्येच अडखळला तर थांबा. आट्यांवर उष्णता सोसणाऱ्या रॉकसेटचे दोन-तीन थेंब द्या, खांद्याला लागू देऊ नका. लाल लॉकटाइट नको. सप्रेसर तापला की ते मऊ पडतं, मग सप्रेसर काढताना माउंटही सोबत फिरून येतो. टॉर्क कंपनीने सांगितला तेवढाच, बहुतेकांचा २० ते ३० फूट-पाउंडांच्या दरम्यान असतो. जास्त आवळून बारीक भिंतीची नळी तोंडाशी आवळली जाते आणि नेम बिघडतो. रॉकसेटला पूर्ण सुकायला एक रात्र द्या. पुढे कधी काढायचा झाला तर तोंड पाण्यात भिजत ठेवलं की ते सुटतं.

मग सप्रेसर चढवा आणि आपल्या कॅलिबरची अलाइनमेंट दांडी नळीतून घाला, अशी की ती सप्रेसरच्या पुढच्या भोकापर्यंत पोचेल. साफसफाईची दांडी किंवा लाकडी काठी चालत नाही. ती स्वतःच वाकडी असते. समोरून, उजेड मागे ठेवून बघा. दांडीभोवतीचं काळं कडं सगळीकडून सारखं दिसलं पाहिजे. थोडं एका बाजूला असेल तर सप्रेसर काढा, खांदा पुसा, पुन्हा चढवा आणि पाहा. कडं तरीही तिरकं राहिलं तर दोष नळीत, माउंटमध्ये किंवा सप्रेसरमध्ये; गनस्मिथला दाखवा. दांडी कडेला टेकत असेल तर बार टाकूच नका.

पहिल्यांदा मैदानात गेल्यावर पंचवीस यार्डांवर कोरा कागद लावा आणि एकच गोळी झाडा. भोक गोल हवं. लांबट, चावीच्या भोकासारखं दिसलं तर गोळी आडवी पडतेय, तिथेच थांबा. रायफल रिकामी करून पुढच्या टोपणाच्या भोकावर चकाकणारी ओरखड आहे का, ते टॉर्च मारून बघा. काही नसेल तर पाच गोळ्या झाडा, पुन्हा बघा, मग शंभर यार्डांवर जा. सप्रेसर लावल्यावर नेम थोडा सरकतो, बहुधा खाली. ते बिघडणं नाही, टोकाच्या वजनाचा परिणाम आहे. महत्त्वाचं हे, की दर वेळी सारखाच सरकावा. तीन गोळ्या झाडा, सप्रेसर काढा, चढवा, पुन्हा तीन. दोन्ही गट एकमेकांवर पडले तर टेलिस्कोप सप्रेसरसकट जुळवून टाका. नाही पडले तर पान्याआधी कापड घ्या आणि खांदा पुन्हा पुसा.